ट्रायपॉड, मोनोपॉड का घडी घातलेली चादर? आधी बघा हलतंय कोण

दरवर्षी गड्डा, म्हणजे आपल्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, जवळ आला की, म्हणजे डिसेंबर संपता संपता, कोण ना कोण फोन करून विचारतंयच, "दादा, ट्रायपॉड कोणता घेऊ?" मी उलटं विचारतो, काय काढणार आहेस आणि तिथं हलतंय कोण? पलीकडं गप्प. कारण दुकानात गेल्यावर आपण सगळे हेच विचारतो की उंची किती, किती किलो पेलतंय, शेवटचं कितीला देणार. हलणारं कोण हे कुणी विचारत नाही आणि मग अडीच किलोचा ट्रायपॉड सहा महिन्यांत कपाटावर, वर धूळ.

फोटो हलतो तो तीनच कारणांनी. एकतर तुमचा हात हलतो, नाहीतर समोरचं माणूस-जनावर हलतं, नाहीतर तुम्ही ज्यावर उभे आहात ती जमीनच हलते. ट्रायपॉड फक्त पहिल्यावर औषध आहे. दुसऱ्यावर शटर स्पीड वाढवायचा, म्हणजे शटर कमी वेळ उघडा ठेवायचा, त्याला पर्याय नाही. आणि तिसऱ्यात ट्रायपॉड लावला तर काम उलट बिघडतंय, हे मला शिकायला अख्खी दुपार घालवावी लागली.

झालं असं की सोलापूरच्या पूर्व भागात एका ओळखीच्यांच्या कारखान्यात टॉवेलच्या मागांचे फोटो काढायला गेलतो. नवा ट्रायपॉड, हौस दांडगी. डोक्यात होतं की माग स्थिर दिसावा आणि धोट्याची (मागात इकडून तिकडं धावतो तो) नुसती रेघ यावी, म्हणून शटर पाव सेकंदावर ठेवला. एक काढला, पुसट. दुसरा, पुसट. स्क्रू आवळले, टायमर लावला, श्वास धरून बाजूला उभा राहिलो, तरी भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा डबल. मालक दोनदा येऊन बघून गेले, तिसऱ्यांदा म्हणाले, "काय करालाव ओ एवढा वेळ?" शेवटी कंटाळून ट्रायपॉडचा पाय हातात धरला तर हाताला मुंग्या आल्यासारखं झालं. फरशी थरथरत होती, सगळे माग एकदम चालू, आणि तीन कडक पायांतून ती थरथर सरळ कॅमेऱ्यात चढत होती. मग ट्रायपॉड मिटला, बांधून ठेवलेल्या टॉवेलच्या गठ्ठ्यावर कॅमेरा ठेवला, खाली अजून एक टॉवेल दुमडून घातला, आणि कॅलेंडर स्वच्छ आलं! मागाची चौकट थोडी पुसट येतेच कारण ती स्वतःच थरथरते, पण ते फोटोत चांगलं दिसतं, माग चालू आहे हे कळतं. तेव्हापासून अशा जागी गेलो की पाण्याची बाटली उघडून जमिनीवर ठेवतो. पाण्यावर बारीक वर्तुळं दिसली तर ट्रायपॉड बॅगेतनं काढायचाच नाही, मऊ काहीतरी शोधायचं नाहीतर हातात धरून शटर वाढवायचा, कारण आपले गुडघे आणि कोपर ती थरथर बऱ्यापैकी खातात.

हेच लग्नाच्या स्टेजवर. लाकडी फळ्यांचं स्टेज असतंय, त्यावर व्हिडिओवाला ट्रायपॉड ठेवतो, आणि आहेर द्यायला पाहुण्यांची रांग चढली की नवरा-नवरी जहाजावर असल्यासारखे डुलायला लागतात. ट्रायपॉड कितीचा का असेना. स्टेजच्या खाली, जमिनीवर लावा आणि थोडी लांबची लेन्स वापरा, एवढाच उपाय. गच्चीवर पण पोरं पळत असतील तर स्लॅब हलतो बरं का, डोळ्याला कळत नाही, ३ सेकंदाच्या फोटोत कळतं.

आता आकडे थोडे, कंटाळू नका. हातात धरून काढायचं असेल तर लेन्स जेवढ्या मिलिमीटरची तेवढ्या भागाचा शटर कमीत कमी पाहिजे. ५० ची लेन्स तर १/५० सेकंद. तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला सेन्सर लहान असलेला असेल, बहुतेकांचा तोच असतो, तर त्याला दीडनं गुणा, कॅननला १.६ नं. म्हणजे २०० मिलिमीटरला १/३२० च्या आसपास. लेन्समध्ये किंवा बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर याच्या कितीतरी खाली जाता येतं, पण ते तुमच्या हातापुरतं, पळणारं पोरगं त्यानं थांबत नाही. आता आपलं ऊन बघा, एप्रिलात दुपारी शटर आपोआप १/१००० च्या वर जातंय. तिथं ट्रायपॉड घेऊन फिरणं म्हणजे उगाच खांद्याला शिक्षा.

गड्ड्याकडं येऊ, कारण बहुतेक फोन त्यासाठीच असतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत ट्रायपॉड विसरा. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, दोन्ही बाजूला गर्दी ठासून, त्यात तुम्ही तीन पाय पसरून उभे राहिलात तर कोणतरी अडखळून पडणार आणि मग जे ऐकून घ्यावं लागेल ते वेगळं. इथं मोनोपॉड. एक पाय, माणसाएवढी जागा, उचलला की चालू पडलं. पण बरेच जण मोनोपॉड काठी टेकल्यासारखा सरळ धरतात आणि म्हणतात की काय फरक पडत नाही. त्याचं टोक थोडं पुढं टेकवायचं आणि आपण दोन पाय फाकवून त्याच्यावर किंचित कलायचं, म्हणजे आपले दोन आणि त्याचा एक असे तीन पाय होतात. एक हात कॅमेऱ्यावर वरनं दाबून ठेवायचा, कोपर बरगडीला. एवढं केलं तर जिथं १/१२५ लागत होता तिथं १/३० पर्यंत उतरता येतं, सराव झाला तर अजून खाली. संध्याकाळ झाल्यावर मिरवणुकीत याची किंमत कळते.

मोनोपॉडचा दुसरा उपयोग म्हणजे उंची. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला तुमच्यापुढं डोक्यांची भिंत असतीय. मोनोपॉड पूर्ण लांब करायचा, वर कॅमेरा लावून डोक्यावर धरायचा, शटर मोबाईलच्या ॲपवरनं दाबायचा. स्थिर वगैरे काय राहत नाही तेव्हा, उलट लांब काठीवर जास्त हलतंय, म्हणून शटर १/५०० च्या खाली नको. हवेत उडालेल्या अक्षता टिपायला तसाही तेवढा लागतोच. फक्त वर बघा आधी. विजेच्या तारा असतात, आणि ॲल्युमिनियम काय, कार्बन फायबर काय, दोन्हीतनं करंट येतो. हे हसण्यावारी नेऊ नका.

शोभेचं दारूकाम मात्र अस्सल ट्रायपॉडचं काम. होम मैदानाच्या गर्दीत घुसण्यापेक्षा लांबची एखादी गच्ची बघा, धूर पण नीट दिसतो आणि खाली माणसांचा अंदाज येतो. आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ ते एफ ११, फोकस लांबच्या एखाद्या दिव्यावर धरून मॅन्युअल करून टाकायचा, स्टॅबिलायझेशन बंद (ट्रायपॉडवर चालू ठेवलं तर काही लेन्स, विशेषतः जुन्या, नसलेली थरथर शोधत बसतात). शटर बल्बवर, म्हणजे बटण दाबून आहे तोवर उघडा. बाण वर सुटल्याचा आवाज आला की उघडायचा, फुटून विझला की बंद, साधारण २ ते ५ सेकंद होतात. दोन सेकंदाचा टायमर इथं उपयोगाचा नाही, बाण थांबत नाही तुमच्यासाठी. केबल रिलीज घ्या, कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायला, साधी वायरवाली स्वस्तात मिळते. ती नसेल तर शटर ३० सेकंद ठेवायचा आणि लेन्सपुढं काळं पुठ्ठं धरायचं, फुटलं की काढायचं, परत धरायचं, एका फोटोत तीन-चार बाण बसतात. मला तर केबलपेक्षा पुठ्ठ्याचाच नाद आहे.

सिद्धेश्वर मंदिराचं तळ्यातलं प्रतिबिंब रात्री काढायचं असेल तरी हेच, फक्त एफ ८ ला १० सेकंदापासून सुरू करा आणि इथं २ सेकंदाचा टायमर चालतो, मंदिर काय पळून जात नाही. तारे पळतात मात्र. ट्रायपॉड दगडासारखा असला तरी पृथ्वी फिरतीय, म्हणून १८ मिलिमीटरला क्रॉप कॅमेऱ्यावर १८ सेकंदाच्या पुढं गेलात की ठिपक्याची रेघ होते. जुना हिशोब आहे, ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं, आधी दीडनं गुणून.

भुईकोट किल्ल्यात ट्रायपॉड घेऊन जायचा विचार असेल तर आधी परवानगीचं बघा, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये हातातला कॅमेरा चालतो पण ट्रायपॉड उघडला की गार्ड येतोच. अशा ठिकाणी मी सुतळी वापरतो. हसू नका. हार्डवेअरच्या दुकानातनं पाव इंची बोल्ट घ्यायचा, इंचाला २० आट्यांचा, कॅमेऱ्याच्या खालचं भोक जगभर याच मापाचं असतं. त्याला सुतळी बांधायची, बोल्ट कॅमेऱ्याला लावायचा, सुतळीचं दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. ताण बसला की हात हलायचं बरंच कमी होतं आणि ट्रायपॉड आणलाय असं कोण म्हणूच शकत नाही. बोल्ट लांब असेल तर वायसर घालून आखूड करा, भोक जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल असतं, जास्त पिळलात तर आतला तळ फुटतोय.

आता नान्नजचं माळढोक अभयारण्य. माळढोक दिसला तर तुमचं नशीब, पण काळवीट सहसा निराश करत नाहीत. गाडीतनं उतरलात की कळप पुढच्या माळावर, म्हणून गाडीतच बसून खिडकीवर लेन्स टेकवायची. इथं ट्रायपॉड-मोनोपॉड दोन्ही अडगळ, इथं बीन बॅग. विकत मिळते, पण कशाला घेताय? जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्यापासून खाली कापा, एक बाजू शिवा, ज्वारी भरा, दुसरी बाजू शिवा. गच्च भरायची नाही, तीन भागातले दोन भाग, म्हणजे लेन्स त्यात रुतून बसते. मी मालदांडी भरली होती तेव्हा आईनं विचारलं की एवढी ज्वारी कुठं चाललीय, तिला सांगितलं हरणाला, तर ती खूश झाली. पावसाळ्यात भिजू देऊ नका, कोंब येतात. खरंच आलेत.

बीन बॅग विसरलात तर सोलापुरी चादर. गाडीत असतीच एखादी. चार घड्या घालून अर्ध्या उतरवलेल्या काचेवर टाका, काचेची धार लागत नाही आणि लेन्स घसरत नाही. इंजिन मात्र बंद पाहिजे, नाहीतर परत तोच मागाचा कारखाना. आणि शेजारी बसलेल्या मित्राला सांगा की भडंग नंतर खा, तो हातपाय हलवला की अख्खी गाडी हलतीय, ६०० मिलिमीटरला सगळं दिसतं. अजून एक, सकाळी नऊ-साडेनऊनंतर माळ तापला की जमिनीवरची हवा लहरायला लागते आणि लांबचं हरीण पाण्यातनं बघितल्यासारखं येतं. त्याला जगात कुठला टेकू नाही. लोक लेन्स खराब आहे म्हणून दुकानात भांडायला जातात. पहाटे जा, नाहीतर जवळ येईपर्यंत गप बसा.

हिप्परग्याच्या तळ्यावर पक्षी काढणार असाल तर परत ट्रायपॉड, कारण तिथं तासन्‌तास बसायचं असतंय आणि १५०-६०० ची लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास, हातात धरून दहा मिनिटांत खांदा बोलायला लागतो. इथं पायांपेक्षा वरचं डोकं महत्त्वाचं. बॉल हेडवर, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या डोक्यावर, एवढी लेन्स लावून तुम्ही ती ढिली केली की ती नाक खाली घालते, बोट सापडलं तर सापडलं. मोठ्या लेन्सला गिंबल हेड लागतं, झोपाळ्यासारखं, लेन्स सोडली तरी जिथल्या तिथं राहते आणि एका बोटानं उडणाऱ्या पक्ष्यामागं फिरते. (व्हिडिओसाठी मोटरवालं गिंबल असतं ते वेगळं, नाव एकच आहे म्हणून घोटाळा होतो, ऑनलाइन मागवताना दोनदा वाचा.) आणि ट्रायपॉड लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) लावा, कॅमेऱ्याला नाही, नाहीतर सगळं वजन माउंटवर, म्हणजे लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडावर लोंबतं.

तळ्याच्या काठाला काळी माती असते, वरनं वाळलेली दिसते, पाय टेकवला की हळूहळू आत. फोटो काढताना कळत नाही, पाच मिनिटांनी क्षितिज तिरकं. मी शहाबादी फरशीचे तीन तुकडे बॅगेत ठेवतो, तळहाताएवढे, प्रत्येक पायाखाली एक. वारं असेल तर मधल्या हुकला बॅग अडकवायची, पण ती जमिनीला टेकलेली पाहिजे, हवेत लोंबत असेल तर झोका घेते आणि ट्रायपॉडला पण घेऊन हलते. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला, एक वर. मधला दांडा शेवटचा पर्याय समजा, तो वर काढला की तुमचा ट्रायपॉड म्हणजे तीन पायांवर उभा केलेला मोनोपॉड. पाय उघडताना पण वरचे जाड भाग आधी उघडा, खालची करंगळीएवढी नळी गरज पडली तरच.

आता घ्यायचा कोणता. माझा पहिला ट्रायपॉड दीड हजाराचा होता, वर प्लास्टिकची प्लेट आणि प्लास्टिकचाच खटका. दुकानदार म्हणाला, "पाच किलो पेलतो." एका बारशात कॅमेरा लावून वळलो, खटका तुटला, कॅमेरा आधी खुर्चीवर मग फरशीवर. बॉडी वाचली, लेन्सची रिंग गेली, दुरुस्तीच्या पैशात चांगला ट्रायपॉड आला असता. तेव्हापासून डब्यावर जेवढे किलो लिहिलेत त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वजन मी ठेवत नाही. आणि दुकानात असं करा: आपला कॅमेरा आणि सगळ्यात लांबची लेन्स घेऊन जा, पाय पूर्ण उघडा, मधला दांडा खाली, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून समोरच्या पाटीवर धरा आणि ट्रायपॉडच्या पायाला बोटानं टिचकी मारा. पाटी दोन-एक सेकंदात शांत झाली तर बरा, डुलत राहिली तर नमस्कार करून बाहेर. कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट आर्का-स्विस या चालू मापाची असेल तर उत्तम, पुढं हेड बदललं तरी प्लेट बदलावी लागत नाही. कार्बन फायबर हलका आणि थरथर लवकर शांत करतो, पण गाडीनं जाऊन गाडीशेजारीच उभे राहणार असाल तर ॲल्युमिनियममध्ये राहिलेले पैसे हेडवर घाला.

व्हिडिओ करणाऱ्यांना फ्लुइड हेड, म्हणजे संथ, एकसारखं फिरणारं डोकं लागतं, बॉल हेडवर कॅमेरा फिरवला की धक्के येतात, ते एडिटिंगमध्ये जात नाहीत. चालत शूट करायचं तर मोटरवालं गिंबल, आणि त्यावर पण गुडघे थोडे वाकवून चाला, वर-खाली होणारी चाल गिंबल पूर्ण खात नाही. चादर-टॉवेल ऑनलाइन विकणारे बरेच जण वरनं सरळ खाली फोटो काढायला ट्रायपॉड टेबलावर वाकवून ठेवतात, एक दिवस तो टेबलाखाली जातो. आडवा दांडा असलेला घ्या आणि मागच्या बाजूला गव्हाची पिशवी लटकवा.

फक्त मोबाईल असेल तर हातभर उंचीचा छोटा ट्रायपॉड आणि चांगला क्लॅम्प, बास. आयफोन स्थिर ठेवला की नाइट मोडमध्ये ३० सेकंदांपर्यंत उघडा ठेवता येतो, अँड्रॉइडवाल्यांनी प्रो मोड बघा. बटण बोटानं दाबायचं नाही, टायमर.

वारीला पंढरपूरला निघाला असाल तर मोनोपॉडच. वाखरीजवळ बाजीराव विहिरीला रिंगणात घोडा सुटतो तेव्हा शटर १/६० वर आणून मोनोपॉड घोड्याबरोबर फिरवायचा, घोडा बऱ्यापैकी तीक्ष्ण आणि मागची गर्दी रेघारेघांची. दहात एक येतो. नऊ वाया जाणार हे धरूनच चाला.

आणि चंद्रभागेच्या वाळूत ट्रायपॉड लावलात तर घरी आल्यावर लगेच पाय मिटू नका. पिळायचे लॉक असतात त्यात वाळू गेलेली असते, मिटलात की आतून कर्रर्र आवाज येतो आणि नळीवर चरे पडतात. उघड्या पायांवर साधं पाणी ओता, लॉक सोडून नळी बाहेर काढा, आतल्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या निघतील त्या कुठल्या बाजूला होत्या त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मी नव्हता काढला तर रात्री एक वाजेपर्यंत जुळवत बसलो होतो. फडक्यानं पुसा, सावलीत वाळू द्या, मग जोडा. तेल घालू नका, तेलाला परत वाळू चिकटते.